बिनआवाजाचा वर्ग

बाजारात तिला सगळे भोंगा म्हणत. कांदे-बटाट्यांच्या ओळीत तिचा गाळा अगदी शेवटचा, पण तिचा आवाज गिऱ्हाइकाला फाटकापाशीच गाठायचा. हमाल, तोलारी, शेजारची लसूणवाली, सगळे म्हणायचे, "भोंगा वाजला, बाजार उघडला!" तिला त्या नावाचा राग नव्हता. उलट कुणी नवखं तिला बाई म्हणालं, तर तीच सांगायची, "बाई घरी. इथं भोंगा."

तिचा मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच उंच इमारतींमधून त्याला बोलावणं यायचं. दोन मजल्यांच्या मध्ये कुणीतरी अडकलेलं असायचं, आत रडारड, बाहेर आरडाओरड. हा मात्र थंड डोक्याचा. आईचा आवाज जेवढा मोठा, तेवढा याचा हळू. बायको म्हणायची, "तुमच्या घरातला सगळा आवाज सासूबाईंनीच घेतलाय, तुमच्या वाट्याला काही ठेवलंच नाही."

तर असा तो आवाज. आधी घोगरा झाला, मग चिरका, मग वाक्याच्या मध्येच तुटायला लागला. बाजारातले म्हणाले, भोंग्याची बॅटरी उतरली. तिनंही ते हसण्यावारी नेलं. काढे झाले, गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या. शेवटी मुलगा तिला दवाखान्यात घेऊन गेला तेव्हा गाठ बरीच वाढली होती. स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. मानेला पुढून एक छिद्र ठेवलं, श्वास त्यातून. डॉक्टर म्हणाले, "बाकी सगळं जागच्या जागी आहे. जीभ, ओठ, दात. फक्त आवाज नसेल."

दवाखान्यानं एक नळकांड्यासारखं यंत्र दिलं होतं. गळ्याला लावून बोलायचं. पहिल्यांदा लावलं, तर त्यातून असा घरघराट निघाला की ती स्वतःच दचकली. तिनं ते टॉवेलात गुंडाळलं आणि कपाटाच्या तळाशी टाकलं. पुन्हा कधी बाहेर काढलं नाही.

लिहायचं म्हणावं, तर ती शाळेत गेलेली नव्हती. आकडे ओळखायची, मोठमोठे हिशोब तोंडी करायची, पण अक्षर ओळखीचं नव्हतं. मग घरात नुसता गोंधळ. ती ओठ हलवायची आणि बाकीचे अंदाज बांधायचे. मीठ मागितलं की पीठ यायचं. पहिले काही दिवस तिघंही हसली. मग तिचं हसणं कमी झालं. मग ती मागायचीच बंद झाली, स्वतःच उठून घ्यायला लागली.

दवाखान्यातल्या एका नर्सनं मुलाला सांगितलं, "सार्वजनिक वाचनालयात जा. तिथं मोठ्या माणसांना शिकवतात. फुकट."

वाचनालय त्याच्या रोजच्या रस्त्यावरच होतं. आतापर्यंत तो तिथं एकदाच गेला होता, तेही लिफ्ट दुरुस्त करायला. रविवारी सकाळी आईला घेऊन गेला, तर वरच्या मजल्यावर जत्रा भरलेली. एका खोलीत शिवणयंत्रं चालली होती. दुसरीत चार-पाच माणसं संगणकापुढे बसून एकेका बोटानं टंकत होती. कोपऱ्यात एक आजोबा मांडीवर पुस्तक उघडं ठेवून नळाची तोटी खोलत होते. ग्रंथपालबाई बारीक चणीच्या, चष्मा गळ्यात लोंबकळणारा. त्यांनी दोघांना समोर बसवलं, मायलेकांचं सगळं ऐकून घेतलं. म्हणजे लेकानं सांगितलं ते ऐकलं, आणि आईनं ओठ हलवले तेही लक्ष देऊन पाहिले.

"अक्षरवर्ग आहे आपल्याकडे," बाई म्हणाल्या. "आई लिहायला शिकतील. पण त्याला वेळ लागेल. तोवर तुम्ही ओठ वाचायला शिका."

"मी?"

"का? कमी ऐकू येणाऱ्यांसाठी वर्ग चालतो आमचा, रविवारी, याच वेळेला. आई त्या खोलीत, तुम्ही या खोलीत. दोघंही थोडं थोडं चाललात, की मध्ये कुठंतरी गाठ पडेल."

आईनं मान हलवली आणि लेकाकडे बघितलं. त्यानंही मान हलवली.

ओठवाचनाच्या चित्रफिती वाचनालयानं स्वतःच काढल्या होत्या, आपल्याच माणसांना कॅमेऱ्यापुढे बसवून. संगणकावर शिपाई दिसायचा, ग्रंथपालबाई दिसायच्या, आवाज बंद, नुसते ओठ. काय म्हणाले ते ओळखायचं. पहिल्याच रविवारी मुलाच्या लक्षात आलं, की हे काम लिफ्टच्या तारा शोधण्यापेक्षा अवघड आहे. मामा, बाबा, पापा, तिन्ही ओठांवर एकसारखे. क आणि ग तर दिसतच नाहीत, घशातल्या घशात राहतात. वर्गात एक म्हातारे होते, सगळे त्यांना काका म्हणत. जन्मभर कापडगिरणीत मागावर काम केलेलं, मागांच्या खडखडाटानं कानांचा पार भुगा झालेला. गिरणीत एकमेकांचे ओठ बघूनच बोलायची सवय, त्यामुळे ते या वर्गातले वस्ताद. स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नसल्यानं ते बोलायचे मात्र सभेत बोलल्यासारखे. 'शांतता राखा' या पाटीखाली बसून ते ओरडले, "अहो, मामा नाही, बाबा! नाक बघू नका त्याचं, ओठ बघा!"

सगळा मजला हसला. काकाही हसले. लिफ्टवाला हसला नाही. चाळिशी उलटलेला माणूस, हाताखाली दोन मदतनीस, आणि इथं एका म्हाताऱ्यानं चारचौघांत त्याची चूक काढलेली.

दुसऱ्या रविवारी तो गेला. थोडं बरं जमलं. तिसऱ्या रविवारी कामाचा फोन आला. तो आईला वाचनालयाच्या दारात सोडून गेला. "पुढच्या रविवारी नक्की," तो म्हणाला. ती मान हलवून जिना चढून गेली.

लिफ्ट काय, रोजच अडकतात. पण त्यानंतर रविवारी जरा जास्तच अडकायला लागल्या. खरं म्हणजे रविवारची पाळी त्यानंच मागून घेतली होती. बायकोला हे ठाऊक होतं. एकदा ती म्हणालीसुद्धा, "दोन तासांचा तर वर्ग. सासूबाई वाट बघतात."

"आई लिहायला शिकतेय ना? मग झालं तर. मी शिकून वेगळं काय होणार?"

आणि आई खरंच शिकत होती. वाचनालयानं तिला एक छोटी पांढरी पाटी दिली होती, पेनानं लिहायची आणि बाहीनं पुसायची. आधी नुसत्या रेघा, मग अक्षरं, मग एक दिवस तो कामावरून आला, तर तिनं पाटी पुढे धरली. वाकडंतिकडं लिहिलं होतं, 'जेवलस'. ल चा काना राहून गेलेला. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या कानाला फोन होता. त्यानं बोलता बोलताच मानेनं हो म्हटलं आणि अंगठा वर केला.

पुढं पुढं ती लांब लिहायला लागली. पण हळू. एकेक अक्षर कोरून काढल्यासारखं. तो समोर उभा राहायचा, एका पायावरून दुसऱ्या पायावर. तिचे दोन शब्द होईतो त्याला वाटायचं, आपल्याला कळलं. "औषध संपलंय, हो ना? आणतो उद्या." ती थांबायची. पेन हवेतच. मग बाहीनं पाटी पुसून टाकायची. ते औषधाचं होतं की आणखी कशाचं, त्यानं कधी विचारलं नाही.

रविवारी मात्र ती न चुकता वाचनालयात. अक्षरवर्ग संपला की ती पलीकडच्या खोलीत जायची, हेही त्याला बायकोकडूनच कळलं. तिथं सगळ्यांना सरावाला तोंड हवं असायचं आणि हिला आवाज नव्हता, म्हणजे वर्गासाठी याहून चांगलं काय! चित्रफीत बंद करून लोक तिच्यापुढे खुर्च्या मांडून बसायचे. ती बोलायची, ते वाचायचे. "तुमच्या आई म्हणजे आमच्या शिक्षिका झाल्यात," ग्रंथपालबाई एकदा रस्त्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या. "काका तर म्हणतात, अख्खा बाजार डोळ्यांपुढे उभा करते. तुम्ही येणार होतात ना?"

"येतो," तो म्हणाला. "जरा कामाचा ताण कमी झाला की येतोच."

थंडीच्या दिवसांत तिला ताप भरला. मानेच्या छिद्रातून श्वास घेणाऱ्याला साधी सर्दीही महागात पडते, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. छातीत कफ साठला. दवाखान्यात न्यावं लागलं. तापाच्या भरात तिनं हाताची सुई उपसून काढली, म्हणून नर्सनं दोन्ही मनगटं मऊ पट्टीनं पलंगाच्या दांड्याला बांधून ठेवली. पाटी उशाशीच होती, पण हात बांधलेले. आणि सोडले तरी बोटांत पेन धरायचं बळ नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताप थोडा उतरला आणि ती शुद्धीवर आली. तो सकाळपासून बाजूला बसून होता. फोन बंद करून ठेवला होता, बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि ओठ हलवले.

ओठ आधी मिटले, मग उघडले. "पाणी?" त्यानं विचारलं आणि चमच्यानं पाणी पाजलं. तिनं घेतलं. पुन्हा तेच ओठ. पुन्हा पाणी. मग तिनं मान हलवून नाही म्हटलं आणि पुन्हा काहीतरी बोलली. "पाठ दुखतेय? कूस बदलू?" नाही. "बायकोला बोलावू? येईल ती दुपारी." नाही. तिनं डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्याला वाटलं, रागावली. रागावणारच. आजवर जे जे मनाच्या मागच्या खोलीत ढकललं होतं, ते सगळं एकदम पुढ्यात येऊन उभं राहिलं. तो वाकून तिच्या कानाशी म्हणाला, "आई, माझं चुकलं. मी यायला हवं होतं. आता येईन, शिकेन, शपथेवर सांगतो." तिनं डोळे उघडले, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा तेच शब्द ओठांवर. पुन्हा त्याला कळलं नाही. पुन्हा तिनं तोंड फिरवलं.

दुपारी भेटायच्या वेळेला दाराशी काका उभे. गेल्या रविवारी ती आली नाही, म्हणून चौकशी करत करत आले होते. हातात एक सफरचंद. ते पलंगापाशी आले, तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा उजळला. तिनं ओठ हलवले. काका तिथूनच, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"पडदा ओढ म्हणते! ऊन डोळ्यांवर येतंय सकाळपासून!"

तो उठला. खिडकीचा पडदा ओढला. उशीवरचा उन्हाचा पट्टा निघून गेला. तिनं चेहरा सरळ केला आणि डोळे नीट उघडले. समोरच्या पलंगावरची बाई म्हणाली, "अगं बाई, सकाळपासून? मला सांगायचं की!"

तो पडदा धरून तसाच उभा राहिला. पडदा आणि पाणी. प तर त्याला दिसला होता. तेवढाच दिसला होता.

काकांनी खुर्ची ओढली. मग कितीतरी वेळ आई बोलत होती आणि काका मोठ्यानं सांगत होते. गाळ्यावरचा मोठा तराजू लसूणवालीला द्यायचा. सुनेनं दम लागेपर्यंत काम करू नये. इथल्या डाळीला चव नाही. शेजारच्या पलंगावरची म्हातारी घोरते, पण माणूस चांगलं आहे. यावर सगळा वॉर्ड हसला, ती म्हातारीसुद्धा. मुलगा दोघांच्या चेहऱ्यांकडे बघत होता. त्याची आई बोलत होती. इतके महिने ती अशीच बोलत असणार, हीच थट्टा, हाच तोरा, फक्त त्याच्यासमोर नाही. आणि आता ती त्याला ऐकू येत होती ती एका बहिऱ्या माणसाच्या तोंडून.

"तुला काही विचारायचंय का?" काका त्याच्याकडे वळून ओरडले. "विचार! तिला ऐकू येतं, मला नाही येत! ती बोलेल, मी सांगतो!"

त्याला विचारायचं होतं. सकाळी तो जे कानाशी बोलला, त्याचं उत्तर हवं होतं. तू माझ्यावर रागावलीस का, एवढंच. पण उत्तर सगळ्या वॉर्डात घुमणार होतं. समोरची बाई कोपरावर उठून बसली होती. औषधांची गाडी ढकलणारी नर्ससुद्धा थांबली होती. आई त्याच्याकडेच बघत होती, वाट बघत.

"चहा घेशील?" त्यानं विचारलं.

तिनं थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग ओठ हलवले.

"साखर जास्त घाल म्हणते!" काकांनी सांगितलं.

तो चहा आणायला गेला. जिन्यात थांबून त्यानं मनाशी ठरवलं, उद्या काकांना लवकर बोलवायचं, सकाळीच, वॉर्डात गर्दी नसताना. पडदे लावून घ्यायचे आणि विचारायचं. सगळ्यांसमोर सांगायला नको, म्हणून ग्रंथपालबाईंकडे निरोपही ठेवला.

काका सकाळी आले, अगदी वेळेवर, दाढी करून. पण पहाटेपासून तिचा श्वास अडकायला लागला होता. मानेच्या छिद्रावर प्राणवायूचा एक मास्क बसवला होता आणि खबरदारी म्हणून तोंडावर दुसरा. तोंडावरचा मास्क नळीतून येणाऱ्या वाफेनं आतून पांढरा झालेला. काका वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले. आत ओठ हलत होते. मग काकांनी मान हलवली आणि पहिल्यांदाच अगदी हळू आवाजात म्हणाले, "दिसत नाहीये रे."

त्यानं नर्सला विचारलं, एक मिनिट काढता येईल का. नर्स म्हणाली, "आत्ता नाही." दुपारपर्यंत ओठ हलायचे थांबले. संध्याकाळी ती गेली.

घरातलं सगळं आवरल्यावर पाटी तेवढी उरली, वाचनालयाची. बायकोनं ती पुसून, कागदात गुंडाळून ठेवली होती. तिनं पुसली नसती तरी काही फरक पडला नसता. दवाखान्यात नेण्याआधी आईनंच ती बाहीनं स्वच्छ केली होती. ती कधी काही राहू द्यायची नाही पाटीवर. लिहिलेलं एकही अक्षर शिल्लक नव्हतं. त्यानं डोकं धरून आठवून बघितलं, इतक्या महिन्यांत तिनं आपल्याला काय काय लिहून दाखवलं. त्याला 'जेवलस' आठवलं, आणि बऱ्याच वाक्यांचे पहिले दोन शब्द.

रविवारी तो पाटी परत करायला गेला. ग्रंथपालबाईंनी ती घेतली, कपाटात इतर पाट्यांवर ठेवली. "बसा थोडं," त्या म्हणाल्या. तो पलीकडच्या खोलीत जाऊन बसला. संगणक चालू होता. शिपायाचे ओठ हलत होते. मामा की बाबा, त्याला कळलं नाही. वर्ग संपेपर्यंत तो बसला. पुढच्या रविवारीही गेला. कामाच्या पाळ्या लावणाऱ्याला सांगून टाकलं, रविवार आता मला नको. बायकोनं विचारलं, आता कुणासाठी? तो पायात चप्पल सरकवून निघाला.

काकांनी त्याला शिकवायला घेतलं. वर्गाचा नियम असा, की सरावाच्या वेळी कुणीही आवाज काढायचा नाही. काका ओठांनी बोलायचे, तो वाचायचा, मग तो बोलायचा आणि काका वाचायचे. त्याच्या मिशीवरून काका कायम कुरकुर करायचे. "अर्धे शब्द झुडपात लपतात तुझे!" त्यानं मिशी काढून टाकली. हिवाळा सरेपर्यंत त्याला सोपी वाक्यं यायला लागली. बसच्या खिडकीतून फलाटावरच्या माणसांचं बोलणं तुकड्यातुकड्यांनी कळायचं. चल, उशीर झाला. पैसे घेतलेस? पोचलीस की फोन कर. माणसं एकमेकांशी इतकं साधं बोलतात, त्याला वाटायचं. आई तरी दुसरं काय बोलत असणार होती!

एका रविवारी सरावाला दोघंच उरले. त्याची बोलायची पाळी होती. त्यानं इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज न काढता, ओठ नीट उघडून, सावकाश विचारलं. आई माझ्यावर रागावली होती का?

काकांनी भुवया जवळ आणल्या. "पुन्हा."

त्यानं पुन्हा विचारलं.

तिसऱ्यांदा विचारायची वेळ आली नाही. काका खुर्चीत मागं टेकले. अशा वेळी माणसं 'छे छे, उगाच काय' म्हणतात, तोही तेच ऐकायची तयारी करून बसला होता. पण काकांना गोड बोलायची सवय नव्हती, आणि सरावाचा नियमही ते विसरले.

"हो!" ते म्हणाले. शिवणवर्गातल्या दोघीतिघींनी माना वळवल्या. "होती की! इथं आली की पहिला अर्धा तास तुझ्या नावानं खडे फोडायची. येतो म्हणाला, आला नाही. वाक्य पुरं करू देत नाही. मी चिडवायचो तिला, भोंगा वाजला म्हणून."

त्यानं हळूच, पुन्हा बिनआवाजाचं, विचारलं, "आणि नंतर?"

"नंतर काय? नंतर पाटी काढायची आणि गिरवत बसायची." काकांनी हातानं हवेत अक्षर काढल्यासारखं केलं. "तुझ्याशीच बोलायला तर शिकत होती ती. रागावून बसली असती, तर शिकली कशी असती?"

शिवणयंत्रं पुन्हा सुरू झाली. लिफ्टवाला थोडा वेळ मांडीवरच्या हातांकडे बघत राहिला. काकांनी त्याच्या गुडघ्यावर थाप मारली आणि स्वतःच्या ओठांकडे बोट दाखवलं, म्हणजे वर बघ. त्यानं वर बघितलं. काका काहीतरी बोलले, लांबलचक, भरभर. त्याला त्यातलं निम्मंच कळलं, आणि त्यानं त्यांना पुन्हा सांगायला लावलं.